वस्तीतली राजकीय भित्तिचित्रं (मुंबई)

चाळीच्या, झोपडपट्टीच्या नाहीतर नाक्यावरच्या भिंतीवर रंगवलेले नेत्यांचे चेहरे, पक्षाची निशाणी, घोषणा, याला वस्तीतली राजकीय भित्तिचित्रं म्हणता येईल. आर्ट म्हणून कुणी काढत नाही ही, गल्ली कुणाची आहे ते नवख्या माणसाला न विचारता कळावं एवढंच.

गिरणगावात म्हणजे लालबाग, परळ, नायगाव, वरळी पट्ट्यात आधी कम्युनिस्टांचा लाल बावटा होता, मग १९६६ ला शिवसेना आली आणि वाघ आला. हे भांडण भिंतीपुरतं राहिलं नाही. १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला आणि त्यांच्याच जागेच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक सेनेचे पहिले आमदार झाले.

सामान साधं, आधी चुन्याचा हात, मग गेरू, निळ, बजेट असेल तर ऑइल पेंट. पेंटर बऱ्याचदा दोन्ही पार्ट्यांचा एकच, त्याला काय, मजुरी मिळाली की झालं.

सगळ्यात टिकलेल्या भिंती मात्र निळ्या. ब्रिटिशकाळातल्या सरकारी बीडीडी चाळी असोत की घाटकोपरची रमाबाई आंबेडकर नगर, कोट-चष्म्यातले बाबासाहेब, बाजूला बुद्ध, फुले, शाहू, वर अशोकचक्र, खाली जय भीम आणि 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा'. १४ एप्रिल जवळ आला की वर्गणी निघते, पोरं शिडी आणतात, उडालेला रंग परत भरला जातो, आणि माझ्या मते एकजूट खरी दिसते ती इथेच, कारण चित्र एकदा कुणीही काढून देईल पण दरवर्षी त्याच भिंतीला हात लावायला माणसं लागतात. वस्तीला अशा प्रतिमा किती जवळच्या ते ११ जुलै १९९७ ला दिसलं, रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० जण गेले.

१९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्याने परवानगीशिवाय भिंत रंगवणं गुन्हा ठरलं, पाठोपाठ फ्लेक्स आला आणि पेंटरचं काम गेलं. फ्लेक्सवर काय, 'भावी नगरसेवक' आणि खाली वीस-पंचवीस पासपोर्ट फोटो, पैसे टाकले की रातोरात लागतो आणि तसाच उतरतो. आता बीडीडीच्या जागी टॉवर उभे राहतायत. टॉवरच्या कंपाउंडवर काही काढायचं तर कमिटीची परवानगी, आणि कमिटी पास करते ती झाडं, पक्षी नाहीतर ओला कचरा-सुका कचरा.