तारिफाला अडलेल्या घारी

मुंबई-पुण्याच्या आकाशात घिरट्या घालणारी घार सगळ्यांच्या ओळखीची. त्याच जातीच्या युरोपातल्या घारी जुलै-ऑगस्टात आफ्रिकेकडे निघतात आणि स्पेनच्या दक्षिण टोकाला, तारिफा नावाच्या छोट्या गावापाशी येऊन अडतात. समोर मोरोक्कोचे डोंगर दिसत असतात. मधलं अंतर जेमतेम 14 किलोमीटर. तरी ‘लेवान्ते’, म्हणजे पूर्वेचा वारा, जोरात सुटला की हजारो घारी आसपासच्या माळांवर नुसत्या बसून राहतात.

आळस नव्हे, हा हिशेब आहे. घार सतत पंख मारत लांब जात नाही. तापलेल्या जमिनीवरून हवेचे झोत वर चढतात, त्यांत शिरून ती गोल गोल फिरत उंची कमावते आणि तिथून घसरत पुढचा झोत गाठते. फुकटचा प्रवास! समुद्र मात्र जमिनीसारखा झटपट तापत नाही, त्यामुळे पाण्यावर हे झोत जवळजवळ मिळतच नाहीत. तिथे पंख मारावेच लागतात, आणि त्यात लेवान्ते आडवा आला तर पक्षी थेट अटलांटिकमध्ये ढकलला जातो. पांढऱ्या करकोच्यांची अडचण हीच. म्हणून पश्चिम युरोपातले असे लाखो पक्षी जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीचा अरुंद भाग शोधत इथे गोळा होतात.

दोन्ही बाजूंच्या डोंगरांत चेपल्यामुळे वारा इथे आणखी जोर धरतो. जवळच्या बोलोनियाच्या किनाऱ्यावर त्याने 30 मीटरहून उंच वाळूची टेकडी रचली आहे, आणि ती हळूहळू पाइनच्या झाडांवर चाल करते आहे. गंमत म्हणजे, ज्या वाऱ्यात घार जमीन सोडत नाही, त्यात माणसं हौसेने पतंग घेऊन, त्याच्या ओढीवर फळीवरून घसरायला, लाटांवर उतरतात.

पाण्याखालीही वाहतूक आहे, तीसुद्धा दुहेरी. भूमध्य समुद्रातून जेवढं पाणी वाफ होऊन जातं, तेवढं नद्या आणि पाऊस मिळूनही भरून देत नाहीत. ती तूट अटलांटिक भागवतो. त्याचं पाणी वरून आत येतं, तर भूमध्याचं जास्त खारट, जड पाणी तळाने बाहेर पडतं. वाटेतल्या समुद्रतळाच्या उंचवट्यावर ही घुसळण होऊन खालची पोषकद्रव्यं वर येतात. पायलट व्हेल वर्षभर इथे राहतात. ट्यूना माशांमागे ओर्का, म्हणजे काळे-पांढरे शिकारी ‘किलर व्हेल’, येतात.

वारा म्हटला की पवनचक्क्याही आल्याच. त्यांच्या पात्यांना धडकून इथली ग्रिफन गिधाडं मरत. मग काही ठिकाणी निरीक्षक नेमले. गिधाड पात्यांच्या दिशेने येताना दिसलं की तेवढीच चक्की थोडा वेळ बंद करायची. गिधाडांचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. वीज बुडाली ती वर्षाला 0.07 टक्के.