प्रापंचिक मिशनरी आणि दुखण्याचा प्रश्न

वैजापूर-गंगापूरकडच्या कॅथलिक घरात एखाद्या पोरीनं "दोन-तीन वर्षं आफ्रिकेत मिशनला जाऊन येते" असा विषय काढला, की श्रद्धेबिद्धेची चर्चा फार पुढं होते. आधी आई विचारते, "तिकडं दुखणं आलं तर बघायचं कुणी?" फादर किंवा सिस्टर व्हायला निघालेल्या लेकराला हा प्रश्न कुणी करत नाही. त्यांच्यामागं त्यांचा धार्मिक संघ असतो, राहायला संघाचं घर असतं, म्हातारपणाची सोय असते आणि औषधाचं बिल कुणी भरायचं हे आधीच ठरलेलं असतं. प्रापंचिक मिशनरीच्या, म्हणजे फादर-सिस्टर न होता मिशनला जाणाऱ्याच्या, मागं यातलं काय असतं, याचं उत्तर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत अनेकदा बदललं. आजार अंगावर घेऊन परदेशात राबत राहिलेल्या माणसांच्या कथा आपल्याकडं प्रवचनात मोठ्या भक्तीनं सांगतात. त्या समजून घ्यायच्या तर सुरुवात आईच्या प्रश्नापासून केलेली बरी.

फार मागं जायचं कारण नाही. १८२२ मध्ये फ्रान्समधल्या लिआँ शहरात एका प्रापंचिक तरुणीच्या योजनेतून मिशनसाठी आठवड्याला एक नाणं अशी वर्गणी दहा-दहा माणसांच्या गटांतून गोळा होऊ लागली. भिशी ज्याला कळते त्याला ही योजना वेगळी समजावून सांगायला नको. त्या पैशावर जगभरची मिशनं चालली. ती स्वतः कधी परदेशी मिशनवर गेली नाही, ऐन वयात जिवावरच्या दुखण्यातून उठली आणि १८६२ मध्ये कफल्लक होऊन वारली. म्हणजे एकोणिसाव्या शतकात प्रापंचिकाचं काम पैसे पाठवणं, आणि जाणार ते फादर. आपल्या भागाचा इतिहासही त्याच साच्यातला आहे. नागपूर धर्मप्रांत १८८७ चा, घोगरगावचं मिशन १८९२ पासूनचं, मग अमरावती १९५५ आणि औरंगाबाद १९७७. यातली घोगरगावची १९४८ पर्यंतची वर्षं निजामाच्या राज्यातली. हे सगळं वाचकांना पाठ आहे.

खरा गुंता 'प्रापंचिक' या शब्दाचा आहे, आणि तो सोडवल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

आपल्याकडं प्रापंचिक म्हटलं की बायको-लेकरं, शेतीवाडी, उसनवारी असं सगळं डोळ्यांपुढं येतं. पैठणच्या नाथांनी संसारात राहून परमार्थ केला, तो खरा प्रापंचिक. कॅथलिक मराठीत मात्र हा शब्द वेगळ्याच कामाला जुंपला गेला. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या दस्तऐवजानं प्रापंचिक म्हणजे धर्मगुरूही नाही आणि व्रतस्थही (व्रतं घेऊन संघात राहणारा) नाही असा माणूस, अशी व्याख्या केली. या हिशेबानं सिस्टर प्रापंचिक नाहीत. पण चर्चच्या कायद्याचं पुस्तक म्हणजे १९८३ ची धर्मसंहिता, तिचं कलम २०७ उघडलं तर तिथं मुळात दोनच वर्ग: दीक्षित धर्मगुरू आणि बाकीचे प्रापंचिक. व्रतस्थ हे या दोन्हींतून येतात. या हिशेबानं सिस्टर प्रापंचिकच ठरतात! एकाच चर्चच्या दोन कागदांत, अवघ्या १९ वर्षांच्या अंतरानं, एकच बाई एकदा आत आणि एकदा बाहेर. वकील लोक म्हणतील की दोन्ही व्याख्यांचा हेतू वेगळा, विरोध नाही. असेल. पण दवाखान्याचं बिल आल्यावर हेतू कुणी विचारत नाही.

शब्दाच्या या गुंत्यानं प्रत्यक्ष आयुष्यं कशी वाकवली हे बघायचं तर रावळपिंडीला जावं लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या पडद्यातल्या मुसलमान बायका पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवत नसत. बाळंतपणात बाई मेली तरी चालेल, पण परपुरुष नको. तेव्हा बाई डॉक्टर हवी. ती कॅथलिक मिशनची हवी तर सिस्टर असायला हवी. आणि सिस्टरला वैद्यकी करायला बंदी! ही बंदी जुनी होती. १२१५ च्या लॅटरन परिषदेनं वरच्या पायरीवरच्या धर्मगुरूंना चिरफाड आणि डाग देणं असलेली शस्त्रक्रिया मना केली होती. १९१७ च्या संहितेनं खास परवानगीवाचून वैद्यकी करायला धर्मगुरूंना मनाई केली आणि तोच नियम व्रतस्थांनाही लावला. सिस्टरनं रुग्णाची सेवा करावी, पण डॉक्टर होऊ नये. बाळंतपण तर लांबच. गुंटूरला एका ऑस्ट्रेलियन डॉक्टर सिस्टरला १९२० मध्ये रोमहून परवानगी मिळाली, पण ती तिच्यापुरती.

मग उरली प्रापंचिक बाई. एक स्कॉटिश डॉक्टर, वयाच्या साठीनंतर कॅथलिक झालेली, सत्तरी ओलांडल्यावर रावळपिंडीला आली आणि बायकांच्या दवाखान्यामागं उभी राहिली. या वयात आपल्याकडं सुना आजीला एकटीनं पैठणच्या जत्रेलाही धाडत नाहीत. ती १९१३ मध्ये वारली. तिच्याशी पत्रव्यवहार करणाऱ्या ऑस्ट्रियातल्या एका तरुणीनं, ब्रिटिश हिंदुस्थानात चालेल अशी पदवी हवी म्हणून आयर्लंडमध्ये कॉर्कला डॉक्टरी पूर्ण केली आणि १९२० मध्ये ती रावळपिंडीला येऊन पोचली. त्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून ती जवळजवळ एकटीच. चार वर्षांत ती पार मोडून गेली आणि १९२४ मध्ये मायदेशी परतली. पुन्हा हिंदुस्थानात येऊन तोच एकटीचा गाडा ओढण्यात अर्थ नाही हे तिला कळलं होतं. दमलेल्या डॉक्टरच्या जागी दुसरी डॉक्टर उभी करायला संस्था लागते, आणि संस्था म्हणजे सिस्टर. सिस्टर म्हणजे पुन्हा बंदी.

तिनं काढलेली वाट चतुर होती. १९२५ मध्ये वॉशिंग्टनला तिनं संस्था उभी केली, पण जाहीर व्रतं न घेता. राहणी सिस्टरांची, कायद्यानं मात्र प्रापंचिक. दहा-अकरा वर्षं हा प्रकार चालला. फेब्रुवारी १९३६ मध्ये रोमनं बंदी उठवली, व्रतस्थ बायकांना वैद्यकी आणि सुईणकी दोन्ही मोकळ्या केल्या, आणि या बायकांनी लागलीच व्रतं घेतली. कॅथलिक इतिहासात हा मोठा विजय म्हणून सांगतात, आणि बायकांच्या दृष्टीनं तो होताच. मला मात्र त्याची दुसरी बाजू डाचते. प्रापंचिक डॉक्टर आजारी पडते, मागं कुणी नाही, यावर उपाय निघाला तो तिला व्रतस्थ करण्याचा. प्रापंचिकाला प्रापंचिक ठेवून त्याच्या दुखण्याची सोय करायची, हे कुणाच्या टेबलावर आलंच नाही.

(जालन्याकडच्या वाचकांना हा सगळा खटाटोप विचित्र वाटेल. तिथल्या स्कॉटिश मिशनकडं बायको-मुलांसकट डॉक्टर येत आणि बंगल्यात राहत. प्रोटेस्टंटांना ही अडचण नव्हतीच. आपल्या गावांत 'मिशनवाले' म्हणून दोघांना एकाच दावणीला बांधतात, तेव्हा हा फरक बुडतो.)

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर चित्र पालटलं असं म्हणतात. १९६५ च्या दोन दस्तऐवजांनी प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याला आणि मिशनकार्याला हक्काची जागा दिली. त्याच वर्षी मिलानचा एक धनिक कारखानदार सगळं विकून ब्राझीलला गेला. रसायनशास्त्रासह तीन पदव्या, कार्बनिक आम्लाचा वडिलोपार्जित धंदा, लग्न केलेलं नाही. ॲमेझॉनच्या मुखाशी, थेट विषुववृत्तावर वसलेल्या मकापा गावात १९६१ पासून त्याच्या पैशानं एक हॉस्पिटल उभं राहत होतं. ते १९६९ मध्ये सुरू झालं. मग बेलेंजवळची मारितूबाची कुष्ठवस्ती. तिथं तो नुसता देणगी देऊन थांबला नाही. रुग्णांना माणसासारखं घर, प्रार्थनेची जागा, एकमेकांत मिसळण्याची सोय असावी म्हणून तो झटला. १९८० मध्ये पोपनी त्या वस्तीला भेट दिली.

या माणसाचं हृदय धड नव्हतं. झटके आले, बायपास झाली, तरी तो परत परत ब्राझीलला जातच राहिला. प्रवचनात नेमका हा भाग सांगतात: डॉक्टर नको म्हणत असताना गेला, केवढी श्रद्धा! श्रद्धा होतीच, त्याबद्दल वाद नाही. पण सांगणारे एक गोष्ट गाळतात. त्याचा विमा तो स्वतःच होता. मिलानला येऊन उत्तम डॉक्टर गाठायची आणि बरं वाटल्यावर पुन्हा विमानाचं तिकीट काढायची ऐपत त्याच्याकडं होती. आमच्या खुलताबादच्या पोराकडं ती नाही. ही गोष्ट तशीच्या तशी सांगून पोराला पाठवणं म्हणजे त्याला अर्धीच गोष्ट सांगणं.

त्याच्या बाजूनं एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी, कारण तीच वादाची ठरली. त्यानं हॉस्पिटल स्वतःच्या हातात ठेवलं नाही, रुग्णसेवा करणाऱ्या एका व्रतस्थ संघाला देऊन टाकलं. आपली गरज उरणार नाही असं काम कर, अशा अर्थाचा सल्ला त्याला खुद्द पोपकडून मिळाला होता असं सांगतात. काहींना यात पुन्हा १९३६ दिसतं: प्रापंचिकानं उभं करायचं आणि अखेर संघाकडं सोपवायचं. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. ज्याच्या छातीत कधी कळ येईल सांगता येत नाही, त्यानं कागदपत्रं वेळेत दुसऱ्याच्या नावावर करावीत, हे शेतकऱ्याच्या घरात कुणालाही कळतं. सातबाऱ्यावरचं मेलेल्या आजोबांचं नाव काढता काढता नातवाचं अर्धं आयुष्य तहसीलला जातं.

याच्या उलट टोकाची गोष्ट केनियातली. इटलीतल्या फोर्ली गावची कायद्याची पदवीधर एक तरुणी १९६९ मध्ये केनियाला गेली, पुढं उत्तरेच्या रखरखीत वजीर भागात सोमाळी भटक्यांमध्ये राहिली. शाळेत शिकवायला आलेली ही बाई क्षयरोग्यांकडं वळली. भटका माणूस गोळ्या घेऊन उंटांमागं निघून जातो आणि औषध तुटतं. १९७६ पासून तिनं रुग्णांना केंद्राशेजारीच झोपड्या घालून सहा महिने राहायला लावलं आणि रोजचं औषध डोळ्यांदेखत घ्यायला लावलं. बीडची ऊसतोड टोळी ज्यानं पाहिली आहे त्याला यातली अक्कल लगेच कळेल. उचल घेतलेला माणूस दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन कारखान्यावर जातो, सहा महिने गावाबाहेर, आणि गावच्या आरोग्य केंद्रातलं त्याचं औषध गावातच राहतं. क्षयाचा रुग्ण सॅनेटोरियमबाहेर, घरी राहूनही तितकाच बरा होतो, हे १९५९ मध्ये मद्रासच्या केंद्रानं जगाला दाखवलं होतं. वजीरचा प्रश्न असा की घरच चालतं असेल तर काय करायचं.

ती कुठल्याच संघात नव्हती, कुठल्याच संस्थेची पगारी नव्हती. गावाकडच्या मित्रांची एक समिती पैसे पाठवायची, तेवढंच. त्यामुळं तिला परत बोलावणारं कुणी नव्हतं, आणि तिच्यासाठी भांडणारंही कुणी नव्हतं. फेब्रुवारी १९८४ मध्ये वजीरजवळ वगाला इथं सैन्यानं केलेल्या हत्याकांडाबद्दल ती बोलली आणि पुढच्या वर्षी तिला देश सोडावा लागला. मग सोमालिया. १९९६ पासून बोरामाला पुन्हा क्षयरोग्यांचंच काम. २००३ मध्ये निर्वासितांसाठीच्या कामाचा नान्सेन पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला स्वतःच्याच हॉस्पिटलच्या आवारात तिला गोळी घातली. जग तिला मिशनरी म्हणतं आणि आपण प्रापंचिक म्हणतो. लग्न नाही, घर नाही, स्वतःचं म्हणावं असं काही नाही. या बाईला आपल्या भाषेत प्रापंचिक म्हणताना जीभ अडखळते ती उगाच नाही.

आता पुन्हा आईच्या प्रश्नाकडं. कागदावर त्याचं उत्तर आहे आणि ते बऱ्यापैकी स्पष्ट आहे. १९८३ च्या संहितेचं कलम २३१ सांगतं की चर्चच्या खास सेवेत कायमचे किंवा काही काळासाठी राहणाऱ्या प्रापंचिकांना साजेसा मोबदला मिळाला पाहिजे, आणि त्यांची निवृत्तीची, सामाजिक सुरक्षेची, औषधपाण्याची सोय झाली पाहिजे. तो त्यांचा हक्क आहे. शिवाय कलम ७८४ प्रापंचिकाला मिशनरी म्हणून पाठवता येतं हे स्वच्छ मान्य करतं. आज युरोप-अमेरिकेतल्या प्रापंचिकांना बाहेर पाठवणाऱ्या संस्था जाण्याआधी तब्येतीची तपासणी करतात, विमा काढतात, करार ठरावीक वर्षांचा असतो. जुनं दुखणं असलेल्या माणसाला त्या बहुधा नाहीच म्हणतात. मिलानचा तो कारखानदार आज अर्ज करता तर तपासणीतच अडकला असता!

हक्क कागदावर असला तरी आपल्याकडं त्याची खरी परीक्षा परदेशी जाणाऱ्यांत होत नाही. मराठवाड्यातला पहिला प्रापंचिक मिशनरी म्हणजे गावातला मास्तर. कॅटेकिस्ट (धर्मशिक्षक) हा शब्द रजिस्टरात, तोंडात मास्तरच. फादर घोड्यावर, पुढं मोटारसायकलवर, महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. मधल्या काळात पोरांना बाराखडी, मोठ्यांना प्रार्थना, मेलेल्याला मूठमाती, भांडणात पंचाईत हे सगळं मास्तरकडं. २०२१ च्या मे महिन्यात पोपनी कॅटेकिस्टच्या कामाला विधिवत सेवापदाचा दर्जा दिला. तोवर आमच्याकडचे बहुतेक जुने मास्तर गेले होते. माझ्या आजोळच्या मास्तरांना लकवा मारला तेव्हा ते सोळा गावं सांभाळत होते. पुढची सात वर्षं त्यांची बाज पोराच्या वाळूजच्या खोलीत होती. मानधन ज्या महिन्यात ते पडले त्या महिन्यापर्यंतचं मिळालं.

कारखानदार ३१ ऑगस्ट १९८३ रोजी मिलानमध्ये कर्करोगानं वारला. कलम २३१ असलेली संहिता जानेवारीत जाहीर झाली होती, ती लागू झाली २७ नोव्हेंबरला.