कुठलाही थेंब चालतो

फोनवर आवाज तुटला की आपण म्हणतो, "काय? परत सांग." इंटरनेटचा स्वभावही मुळात हाच. फोटो असो की सिनेमा, तो साधारण दीड हजार बाइटच्या पॅकेटांत मोडून पाठवला जातो. वाटेतल्या एखाद्या राउटरवर गर्दी झाली आणि त्याच्याकडची जागा संपली, की पुढे येणारी पॅकेटं तो सरळ टाकून देतो आणि कुणाला कळवतही नाही. पॅकेटांवर क्रमांक असतात, त्यावरून पलीकडच्या यंत्राला कळतं: 41 आलं, 43 आलं, 42 नाही. मग 42 पुन्हा मागवायचं.

एकाने एका सर्व्हरवरून फाइल उतरवून घ्यायची असेल तर हे उत्तम चालतं, तिथे जास्त हुशारी करायला जाऊ नये. पण भूस्थिर उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटरवर असतो. त्याच्यामार्फत "परत सांग" म्हणून उत्तर यायला अर्धा सेकंद जातो. आणि एकच फाइल लाखभर फोनांना एकदम प्रसारित करायची असेल तर? कुणाचं 42 गळलं, कुणाचं 7, कुणाची सलग दहा. प्रत्येकाने आपापलं मागायला सुरुवात केली की त्या मागण्यांनीच रस्ता तुंबतो.

म्हणून आधीच थोडं जास्तीचं पाठवून ठेवायचं. सगळ्यात सोपी युक्ती बेरजेची. चार पॅकेटांत 5, 3, 8, 6 हे आकडे आहेत असं समजा. पाचव्यात त्यांची बेरीज पाठवा: 22. आता 8 हरवला तरी बिघडत नाही, 22 मधून बाकीचे तीन वजा केले की तो परत मिळतो. यंत्रं हीच बेरीज शून्य-एकांत, हातचा न घेता करतात (1 आणि 1 मिळून 0, हातचा सोडून द्यायचा), त्यामुळे बेरजेचं पॅकेट मूळ पॅकेटाएवढंच राहतं. अडचण एकच: दोन पॅकेटं हरवली की हात टेकावे लागतात.

त्यावरचा तोडगा आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी 1960 साली मांडला. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, हे आपण शाळेत शिकलो. मग दोन पॅकेटांतल्या आकड्यांवरून एक रेषा ठरवा आणि तिच्यावरचे पाच बिंदू पाठवा. कुठलेही दोन पोचले तरी रेषा पुरी कळते. पॅकेटं जास्त असली तर रेषेऐवजी वक्र घ्यायचा. क्यूआर कोडचा थोडा भाग फाटला तरी पैसे जातात ते याच गणितामुळे. मात्र पॅकेटं हजारोंनी झाली की आकडेमोड फुगत जाते, आणि जास्तीचे बिंदू किती पाठवायचे हे बहुधा आधीच ठरवावं लागतं.

1998 साली जॉन बायर्स, मायकेल लुबी, मायकेल मित्झेनमाखर आणि आशुतोष रेगे यांनी प्रश्नच फिरवला. नळाखाली घागर भरताना कुठला थेंब बाहेर उडाला याची कुणी चौकशी करत नाही, घागर भरली की झालं. पाठवणाऱ्याने असाच नळ सोडून ठेवावा, ज्याने त्याने आपली घागर भरून निघून जावं. असा नळ प्रत्यक्षात कसा बांधायचा, ते लुबींनी 2002 साली प्रसिद्ध केलं. दर थेंबासाठी काही पॅकेटं चिठ्ठ्या टाकून निवडायची आणि त्यांची बेरीज पाठवायची, बस.

आपलीच चार पॅकेटं घेऊ: अ, ब, क, ड. पोचलेले थेंब असे: ब = 3, अ + ब = 8, ब + क = 11, अ + क + ड = 19. ब तर हातातच आहे. त्यावरून अ निघाला 5, क निघाला 8, आणि शेवटच्या बेरजेतून ड 6. स्वेटरचं एक टोक सापडलं की पुढचं आपसूक उसवत जातं, तसं.

खरी करामत त्या चिठ्ठ्यांत आहे. सगळे थेंब एकेकट्या पॅकेटाचे ठेवले, तर बबलगमबरोबर मिळणाऱ्या क्रिकेटपटूंच्या कार्डांसारखी गत होते: तीच तीच परत येतात आणि शेवटचं काही केल्या मिळत नाही. 1000 तुकडे असे गोळा करायला सरासरी साडेसात हजार थेंब लागतात. उलट सगळ्या बेरजा लांबलचक केल्या तर टोकच सापडत नाही. लुबींच्या आदर्श सूत्रात निम्मे थेंब दोघांच्या बेरजेचे, सहावा हिस्सा तिघांच्या, बारावा हिस्सा चौघांच्या. एकटे थेंब हजारात एक. प्रत्यक्षात एकट्यांचं प्रमाण थोडं वाढवावं लागतं, नाहीतर उसवणं मध्येच अडतं.

शेवटचे चार-दोन तुकडेच जास्त मेहनत खातात, हे अमीन शोक्रोल्लाहींनी हेरलं. मूळ तुकड्यांवर आधी एक हलकी बेरीज चढवून ठेवायची, म्हणजे नळातून राहून गेलेले तुकडे तिच्यातून भरून निघतात. या घराण्यातल्या रॅप्टर-क्यू नावाच्या पद्धतीचं मानक 2011 साली आलं. त्यात 1000 तुकड्यांची फाइल कुठल्याही 1000 थेंबांतून न जुळण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी असते. आणखी दोनच थेंब घेतले की ती दहा लाखांत एकाच्याही खाली जाते. अमेरिकेतल्या नव्या टीव्ही प्रसारणाच्या मानकात ते घेतलेलं आहे.

आपल्या फोनवरच्या बोलण्याला मात्र हा नळ फारसा उपयोगी नाही. घागर भरेपर्यंत थांबायला तिथे वेळच नसतो. इंटरनेटवरच्या कॉलमध्ये सर्रास वापरलं जाणारं ओपस हे तंत्र आवाजाचे साधारण 20 मिलिसेकंदांचे तुकडे करतं, आणि गरज पडल्यास प्रत्येक तुकड्याबरोबर आधीच्या तुकड्याची एक पातळशी नक्कल जोडून देतं. एखादं पॅकेट गळलं तर त्या नक्कलेवर भागतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. लागोपाठ चार-पाच गळली, की मग "काय? परत सांग."