ग्रीक कला, प्राचीन : मृत्पात्रे, मंदिरे आणि शिल्प

इ. स. पू. सुमारे ९०० पासून रोमन सत्ता स्थिरावेपर्यंत ग्रीक भाषकांच्या प्रदेशात घडलेली भांडी, मंदिरे आणि मूर्ती यांचा विचार या नोंदीत केला आहे. हा प्रदेश आजच्या ग्रीसपेक्षा बराच मोठा होता. तुर्कस्तानचा पश्चिम किनारा, सिसिली आणि दक्षिण इटली येथेही ग्रीक नगरे होती आणि काही उत्तम मंदिरे तिथेच शिल्लक आहेत. भौमितिक, आर्ष (अभिजातच्या आधीचा), अभिजात आणि ग्रीकांश (अलेक्झांडरनंतरचा) असे या कलेचे चार कालखंड मानतात. कुंभाराकडे भांड्यांचे मोजके घाट होते, मूर्तिकाराकडे उभ्या तरुणाचा एक ठरीव नमुना होता आणि मंदिराचा आराखडाही जवळजवळ ठरलेला असे. तोच नमुना पुन्हा हाती घ्यायचा आणि मागच्या पिढीला जे साधले नाही ते साधायचे, अशा रीतीने ही कला वाढली.

मृत्पात्रे : ही वाढ सर्वांत सलग दिसते ती भांड्यांत, कारण खापर फुटते पण कुजत नाही आणि ते वितळवून कोणी विकतही नाही. अथेन्सच्या वायव्येला केरामेइकोस ही कुंभारांची वस्ती होती आणि तिला लागूनच दफनभूमी. इ. स. पू. ७५० च्या सुमारास तिथल्या थडग्यांवर खूण म्हणून माणसाच्या उंचीचे रांजण ठेवत. त्यांपैकी दिपिलोन रांजण १.५५ मी. उंच आहे. तो नागमोडी आणि काटकोनी पट्ट्यांनी गळ्यापासून बुडापर्यंत भरलेला असून मधल्या एका चौकटीत तेवढी माणसे आहेत : तिरडीवरचे प्रेत आणि डोक्याला हात लावून शोक करणारे लोक. त्यांची धडे त्रिकोणी आहेत. वारली चित्रे पाहिलेल्यांना ती ओळखीची वाटतील, पण हे साम्य योगायोगाचे आहे.

पुढे कॉरिंथच्या कुंभारांनी काळ्या आकृती रंगवून त्यांवर टोकदार हत्याराने बारकावे कोरण्याची पद्धत काढली. अथेन्सने ती उचलली आणि कॉरिंथला मागे टाकले. इ. स. पू. ५३० च्या सुमारास अथेन्समध्येच कोणीतरी ती उलटी केली : पार्श्वभूमी काळी आणि आकृती मातीच्या तांबूस रंगाची. आता कोरण्याऐवजी कुंचल्याने रेघ ओढता येऊ लागली आणि वळलेली पाठ, दुमडलेला पाय, वस्त्राची चुणी हे सगळे त्या रेघेत आले. युथिमिदीस या चित्रकाराने आपल्या एका भांड्यावर, युफ्रोनिओसला असे कधी जमले नाही, अशा अर्थाचा शेरा लिहून ठेवला आहे. एकाच पेठेतल्या दोन कारागिरांची ही चुरस आज म्युनिकच्या संग्रहालयात वाचता येते.

यातला काळा रंग हा खरे तर रंग नव्हेच. त्याच मातीचा निवळून घेतलेला, अतिशय बारीक कणांचा राप भांड्यावर देत आणि पुढचे काम भट्टी करी. आधी हवा खेळती ठेवून भाजले की सगळे भांडे तांबडे होई. मग झरोके बंद करून ओले लाकूड घालत. प्राणवायू तुटल्याने मातीतले लोह काळे पडे आणि वाढलेल्या उष्णतेने राप काचेसारखा घट्ट होऊन बसे. शेवटी हवा पुन्हा आत सोडली की सच्छिद्र अंग परत तांबडे होई. घट्ट झालेल्या रापात मात्र हवा शिरत नसे, म्हणून तो काळाच राही. हे सगळे एकाच भाजणीत, तापमापक नसताना साधायचे होते. झरोके उघडायला थोडा उशीर झाला तरी भट्टीतला माल बिघडे.

या भांड्यांचे मोठे गिऱ्हाईक इटलीतले इट्रुस्कन लोक होते. अनेक उत्तम अथेनियन भांडी त्यांच्याच थडग्यांत सापडली. एर्गोतिमोसने घडवलेले आणि क्लेतिआसने रंगवलेले फ्रान्स्वा पात्र (इ. स. पू. सु. ५७०) त्यांपैकीच एक. १९०० साली फ्लॉरेन्सच्या संग्रहालयातील एका पहारेकऱ्याने रागाच्या भरात स्टूल फेकून त्याचे ६३८ तुकडे केले. ते पुन्हा जोडले आहे.

मंदिरे : ग्रीक मंदिर भक्तांनी आत जमण्यासाठी नव्हते. ते मूर्तीचे घर होते. यज्ञवेदी बाहेर, उघड्यावर असे आणि बळी, प्रार्थना, मेजवानी हे सारे तिच्याभोवती चाले. त्यामुळे वास्तुकाराचे सारे लक्ष बाहेरच्या रूपाकडे, म्हणजे गाभाऱ्याभोवतीच्या खांबांच्या रांगांकडे राहिले.

सुरुवातीची मंदिरे लाकडाची आणि कच्च्या विटांची होती. ऑलिंपिया येथील हेरा देवीच्या मंदिरात (इ. स. पू. सु. ६००) लाकडी खांब जसजसे जुने झाले तसतसे बदलून दगडी बसवले, म्हणून तिथले खांब एकसारखे नाहीत. इ. स. दुसऱ्या शतकात प्रवासी पॉसेनिअस तिथे गेला तेव्हा ओकचा एक खांब अजून उभा होता. डोरिक, म्हणजे साध्या स्तंभशीर्षाच्या पद्धतीतील मंदिराच्या तुळईवर तीन उभ्या पट्ट्यांचे ठोकळे एकाआड एक दिसतात. ती लाकडी तुळयांच्या टोकांची दगडी आठवण आहे, असे रोमन लेखक व्हिट्रुव्हिअस सांगतो. आजच्या सर्व अभ्यासकांना ते मान्य नाही. पण लाकूडकाम दगडात उतरवण्याची ओढ आपल्याकडे कार्ल्याच्या चैत्यगृहात ज्यांनी पाहिली आहे, त्यांना व्हिट्रुव्हिअसचे म्हणणे सहज पटेल.

या ठोकळ्यांनी वास्तुकारांना फार छळले. नियम असा, की ठोकळा खांबाच्या बरोबर मध्यावर यावा. नियम असाही, की रांगेचा शेवटचा ठोकळा अगदी कोपऱ्यावर यावा. कोपऱ्यातल्या खांबावर हे दोन्ही एकदम जमत नाही. तोडगा म्हणून कोपऱ्याचा खांब थोडा आत सरकवत, कधी ठोकळ्यांमधल्या चौकटी किंचित रुंद करत. आयोनिक या दुसऱ्या पद्धतीत ठोकळ्यांऐवजी सलग पट्टा असल्याने ही अडचणच नव्हती. तिच्या स्तंभशीर्षाला गुंडाळीसारखी वळणे असतात. पानांनी मढवलेले कॉरिंथियन स्तंभशीर्ष सर्वांत उशिरा आले आणि पुढे रोमनांना तेच सर्वाधिक आवडले.

अथेन्सच्या ॲक्रोपोलिस या टेकडीवरील अथेना देवीचे मंदिर पार्थेनॉन (इ. स. पू. ४४७–४३२) इक्तिनोस आणि कॅलिक्रातीस यांनी बांधले. दर्शनी बाजूस ८ आणि लांबीच्या बाजूस १७ खांब. जोते सुमारे ७० मी. लांब. हे जोते सपाट नाही. लांब बाजूच्या मध्यभागी ते सुमारे ११ सेंमी. उचललेले आहे. खांब किंचित आत कललेले, पोटाशी थोडे फुगलेले, कोपऱ्यांचे जरा जाड. याचा अर्थ हजारो दगडांपैकी बहुतेक प्रत्येकाला आपापले माप होते. दिसायला सरळ असलेल्या इमारतीसाठी एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न व्हिट्रुव्हिअसच्या काळापासून चर्चेत आहे. सपाट जोते मध्ये खचल्यासारखे भासते, हे त्याचे उत्तर. १६८७ मध्ये तुर्कांनी आत साठवलेल्या दारूगोळ्यावर व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा पडला आणि मंदिर उद्ध्वस्त झाले. ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनने उतरवून नेलेली तिथली शिल्पे १८१६ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ग्रीस ती परत मागत आहे.

शिल्प : आर्ष काळातील तरुणाची नग्न मूर्ती म्हणजे कूरोस. डावा पाय पुढे, मुठी आवळलेल्या, हात मांड्यांशी. ही ठेवण इजिप्तची. मात्र इजिप्तच्या दगडी मूर्तीला पाठीशी आधाराचा स्तंभ असतो. ग्रीकांनी तो काढला आणि हातपायांमधला दगड कोरून मूर्ती मोकळी केली. पुढची शंभरएक वर्षे गुडघा, पोट, कान यांवर काम झाले, पण भार दोन्ही पायांवर सारखाच राहिला. इ. स. पू. ४८० च्या सुमाराच्या ‘क्रितिओसचा मुलगा’ या मूर्तीत तो एका पायावर आला. कंबर तिरकी झाली, मान किंचित वळली. दगड पहिल्यांदाच श्वास घेतोय असे वाटते.

त्यानंतरच्या श्रेष्ठ मूर्ती बहुधा ब्राँझच्या होत्या आणि त्या बव्हंशी वितळवल्या गेल्या. पॉलिक्लितोसचा भालाधारी, मायरनचा थाळीफेक्या आपण ओळखतो ते रोमन संगमरवरी नकलांवरून. त्यांच्या पायाशी दिसणारा झाडाचा बुंधा हा नकलकाराने दगडाला दिलेला टेकू असतो. समुद्राने थोडे ब्राँझ वाचवले. १९७२ मध्ये इटलीतल्या रिआचेजवळ पाण्यात दोन योद्धे सापडले. तसेच, संगमरवराचा शुभ्रपणा हीदेखील काळाची करणी आहे. मूर्तींना रंग दिलेले असत. इराणी सैन्याने इ. स. पू. ४८० मध्ये ॲक्रोपोलिस उद्ध्वस्त केल्यावर अथेन्सकरांनी भग्न मूर्ती तिथेच पुरल्या, म्हणून काहींवर लाल-निळ्याचे अंश टिकले.

अलेक्झांडरनंतरच्या ग्रीकांश काळात वेदना, वार्धक्य, वाऱ्यात फडफडणारे वस्त्र हेही मूर्तीचे विषय झाले. समोथ्रेसची पंखधारी विजयदेवता हे त्याचे ठळक उदाहरण. या कलेचा प्रभाव गांधारातील बुद्धमूर्तींच्या चुणीदार वस्त्रांत दिसतो. कार्ल्याच्या काही खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांनी (ग्रीकांसाठीचा जुना भारतीय शब्द) ते दान दिल्याचे लेख आहेत, पण खांबांची घडण पूर्णपणे इथली. प्रत्यक्ष ग्रीक वळणाची वस्तू महाराष्ट्रात मिळाली ती कोल्हापूरला : पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडात १९४० च्या दशकात समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती सापडली. सातवाहन काळात रोमन व्यापाराबरोबर आलेली ही मूर्ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयाची आहे.