अनुदानाचं खातं वेगळं का हवं: संस्थाचालकांसाठी माहितीपत्रक

2025 साली कर्नाटकात मायक्रोफायनान्सच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध कायदा झाला. तेव्हापासून खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली महिला मंडळं आणि ट्रस्ट आमच्याकडे, म्हणजे अनुदानाचे अर्ज आणि हिशेब लिहून देणाऱ्यांकडे, एकच प्रश्न घेऊन येतात: गावात आर्थिक साक्षरतेचे वर्ग घ्यायचेत, बँकेत आपला हक्क काय ते बायकांना सांगायचंय, अनुदान कुठून मिळेल?

वाटा आहेत. दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत भरतात. 2014 पासूनच्या या निधीतून ठेवीदारांना शहाणं करणाऱ्या, रिझर्व्ह बँकेकडे त्यासाठी नोंद झालेल्या संस्थांना मदत मिळू शकते. नाबार्डचा वित्तीय समावेशन निधीही आहे, पण तो पैसा बहुतेक बँकांमार्फत येतो. म्हणून लीड बँकेच्या, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांचा मेळ घालणाऱ्या अग्रणी बँकेच्या, कचेरीत जाणं-येणं ठेवा. कंपन्यांच्या सीएसआरसाठी, म्हणजे समाजकार्याच्या पैशासाठी, आयकराची 12ए व 80जी आणि कंपनी खात्याची सीएसआर-1 ही नोंदणी लागते. आणि कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या संस्थेची घटना तशीच उतरवून आणू नका. धर्मादाय आयुक्त तिकडे; इथं सोसायटी 1960 च्या कर्नाटक कायद्याखाली नोंदवतात.

एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. काम अडतं ते पासबुकावर.

संस्थेचं खातं एकच असतं. त्यातच बचत गटाचे हप्ते, देणग्या, हळदीकुंकवाची वर्गणी, आणि त्यातच अनुदान. मग कुणाला बियाण्याला, कुणाला दवाखान्याला पैसे लागतात, आणि अध्यक्षबाई म्हणतात, "खात्यात पडूनच आहेत की, पुढच्या महिन्यात भरू." भरतातही, त्यात खोट नसते. पण पासबुकात 'सेल्फ 40,000' अशी ओळ राहते, दोन महिन्यांनी तेवढेच परत जमा दिसतात, आणि अनुदान देणारा विचारतो: हा वर्गाचा खर्च की कर्ज? वर्गासाठी आलेला पैसा उसना देता येत नाही, परत आला तरी नाही. मग विनियोग प्रमाणपत्रावर, म्हणजे पैसा ठरल्या कामालाच लागला या दाखल्यावर, सीए सही करत नाहीत आणि दुसरा हप्ता लटकतो. शिवाय लोकांना बँकेचे नियम शिकवणाऱ्या संस्थेचंच खातं असं निघालं, तर पुढच्या वेळी दारात कोण उभं करणार?

म्हणून अर्ज लिहायच्या आधी आम्ही नवं खातं उघडायला लावतो. संस्थेच्याच नावानं, दोघांच्या सहीचं, ठराव करून. काहीजण यावर रागावतात, "आधी पैसे तर येऊ देत" म्हणतात. पैसे आल्यावर निस्तरायला आम्हाला दुप्पट वेळ लागतो आणि त्याची फी तुम्हालाच पडते, एवढंच सांगणं. त्या खात्यातून हॉलचं भाडं, शिकवणाऱ्यांचं मानधन, छपाई एवढंच जावं, शक्यतो चेकनं. एकाच माणसाला एका दिवसात 10,000 रुपयांच्या वर रोख दिलेली रक्कम आयकरात संस्थेचा खर्च म्हणून धरत नाहीत. खात्यावरचं व्याजही हिशेबात दाखवा. बरेच दाते ते विचारतात.

अंदाजपत्रकाबद्दल थोडं. मंडप, जेवण आणि शाली यांतच निम्मी रक्कम गेलेली दिसली की वाचणारा पान उलटतो. त्यापेक्षा चार बायकांना तक्रार अर्ज स्वतः लिहायला बसवा. बँकेकडे लेखी तक्रार, 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, चौकशीला 14448. हे शिकवणाऱ्या वर्गात विम्याचे फॉर्म मात्र भरून घेऊ नका. बँकेनं गळ घातली तरी.

आमची फी ठरलेली असते, मंजूर रकमेवर टक्केवारी आम्ही घेत नाही. स्वस्तात अर्ज लिहून देणारे मिळतील, पण वर्षाअखेरचा हिशेब ते करत नाहीत. आम्ही दरमहा वही लिहून देतो, कन्नडमधली कागदपत्रंही बघतो. येताना नोंदणी दाखला, पॅन, गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि पासबुक घेऊन या. पासबुक भरून आणा, कोरं नको.