हेलिकोप्रिऑन

हेलिकोप्रिऑन : कूर्चामय (हाडाऐवजी मऊ, लवचिक कूर्चेच्या) सांगाड्याच्या माशांची एक लुप्त प्रजाती (जवळच्या जातींचा गट). काळ पूर्व ते मध्य पर्मियन, सु. २९ ते २७ कोटी वर्षांपूर्वी. कूर्चा सहसा अश्मीभूत होत नाही; त्यामुळे या माशाचे जीवाश्म म्हणजे जवळजवळ सर्वत्र दातांची सर्पिल गुंडाळी, म्हणजे दंतचक्र, एवढेच. ही गुंडाळी शरीरात कोठे होती, हा वाद शतकाहून अधिक काळ चालला.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील एका तुकड्याचे वर्णन हेन्री वुडवर्ड यांनी १८८६ मध्ये केले. त्यांना तो पराचा (माशाच्या पोहण्याच्या अवयवाचा) काटा वाटला. या तुकड्यावरून ओळखलेली जाती पुढे हेलिकोप्रिऑनमध्ये घेण्यात आली. प्रजाती स्थापिली ती रशियन भूवैज्ञानिक अलेक्सांद्र कार्पिन्स्की यांनी, १८९९ मध्ये, उरल पर्वतातील नमुन्यांवरून. त्यांनी चक्र वरच्या जबड्याच्या टोकाशी, बाहेर वळलेले दाखविले. नंतर इतरांनी ते पाठीच्या परावर, शेपटीवरही बसवून पाहिले.

निर्णायक ठरला तो अमेरिकेतील आयडाहो राज्याच्या फॉस्फेट खाणीतला एक नमुना. त्यात चक्रावर ११७ दात असून भोवती जबड्याची कूर्चाही टिकली आहे. बेंडिक्स-आल्मग्रीन यांनी १९६६ मध्ये त्याचे वर्णन केले. २०१३ मध्ये लीफ टापानिला व सहकाऱ्यांनी त्याचे सीटी स्कॅन प्रसिद्ध केले. त्यानुसार चक्र खालच्या जबड्याच्या मध्यभागी उभे होते आणि जबड्याची लांबी पूर्ण व्यापत होते. वरच्या जबड्यात दात आढळले नाहीत. नवा, अधिक मोठा दात मागून येई. जुने दात गळून न पडता पुढे सरकत गुंडाळीच्या आत जात. म्हणून सर्वांत लहान, बालवयातील दात चक्राच्या केंद्रात सापडतात. उपलब्ध पुराव्यात हीच मांडणी सर्वाधिक ग्राह्य वाटते.

याच अभ्यासानुसार हेलिकोप्रिऑन खऱ्या शार्कपेक्षा आजच्या कायमेरा माशांना (शार्कच्या दूरच्या नात्यातील कूर्चामय माशांना) जवळचा ठरतो; ‘शार्क’ हे संबोधन रूढ असले तरी वर्गीकरणदृष्ट्या सैल आहे. दातांची झीज अल्प दिसते. त्यावरून व जबड्याच्या यांत्रिकीवरून तो माखलीसारखे मऊ अंगाचे शीर्षपाद प्राणी खात असावा, असे मानतात. लांबीचे अंदाज केवळ चक्राच्या आकारावरून केलेले असल्याने जपूनच घ्यावेत.

पूर्वी अनेक जाती नोंदल्या गेल्या होत्या. २०१३ च्या पुनर्विचारात तीनच राखल्या : हे. डेव्हिसाय, हे. बेसोनोवाय व हे. एर्गासामिनॉन. रशिया, अमेरिका व ऑस्ट्रेलियाखेरीज कॅनडा, चीन व जपानमध्येही अवशेष मिळाले आहेत.