मुकुंदराज : ग्रंथशैली व तत्त्वविचार

मुकुंदराज (बारावे–तेरावे शतक?). परंपरेने मराठीचे आद्यकवी मानलेले वेदान्ती ग्रंथकार. ‘विवेकसिंधु’ आणि ‘परमामृत’ या दोन ग्रंथांवर त्यांची कीर्ती उभी आहे. ‘पवनविजय’, ‘मूलस्तंभ’ अशी आणखी काही प्रकरणे त्यांच्या नावावर चालतात. ती खरोखर त्यांचीच आहेत का, हे संशयास्पद आहे. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे गावाबाहेर बालाघाटाच्या दरीत त्यांची समाधी आहे.

काळ व स्थळ : ‘विवेकसिंधु’चा काळ शके 1110 (इ. स. 1188) असा सर्रास दिला जातो. तो खरा धरला, तर हा ग्रंथ ‘ज्ञानेश्वरी’च्या (शके 1212) आधी 102 वर्षे लिहिला गेला असे होते. आधार एका कालनिर्देशक ओवीचा. तीत अकराशे दाहोत्तर (1110) शक, ‘साधारण’ नावाचे संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातील एक वर्ष) आणि शार्ङ्गधर राजा असे तीन तपशील येतात. तिन्ही तपासता येतात आणि तिन्ही अडतात. दक्षिणेकडील रीतीने संवत्सर काढायचा, तर शकात 12 मिळवून 60 ने भागायचे व बाकी मोजायची. 1110 + 12 = 1122; बाकी 42, म्हणजे कीलक. साधारण हा 44 वा, तो शके 1112 ला येतो. शिवाय 1188 च्या सुमारास देवगिरीच्या गादीवर भिल्लम (पाचवा) होता. शार्ङ्गधर नावाचा राजा यादवांच्या वंशावळीत नाही. ही ओवी काही पोथ्यांतच आहे, त्यामुळे ती मागाहून घातली असावी हे मत अधिक ग्राह्य वाटते.

दुसरा धागा आश्रयदात्याचा. नृसिंहाचा बल्लाळ व बल्लाळाचा जैत्रपाळ अशी वंशावळ ग्रंथात येते आणि याच जैत्रपाळासाठी ग्रंथ रचल्याचे कवी सांगतो. यादव जैत्रपाळ म्हणजेच जैतुगी हा भिल्लमाचा मुलगा होता. त्यामुळे केवळ नावाच्या सारखेपणावरून दोघे एक ठरवता येत नाहीत. (नृसिंह–बल्लाळ ही जोडी होयसळांत आढळते, पण तेथे जैत्रपाळ नाही.) मध्य प्रदेशात बैतूलजवळच्या खेरळ्याच्या राजाकडेही काहींनी बोट दाखवले आहे.

ग्रंथात सांगितलेली ‘वैन्यागंगे’च्या तीरावरील ‘अंबानगरी’ कोणती, हा वाद विदर्भ आणि मराठवाडा यांच्यात अजून मिटलेला नाही. वैन्यागंगा म्हणजे सरळ वैनगंगा घेतली, तर तिच्या काठचे आंभोरे पुढे येते. मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतील हरिनाथांची समाधीही तेथे दाखवतात. अंबाजोगाईच्या बाजूने समाधी व अखंड स्थानिक परंपरा आहे. यादव राजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याच्या शिलालेखांवरून आंबे (अंबाजोगाई) हे यादवकाळी मोठे ठाणे होते, हेही दिसते. पण त्यातून मुकुंदराजांबद्दल काहीच सिद्ध होत नाही. नदीच्या नावाची अडचण मराठवाडा पक्षाला आजवर नीट सोडवता आलेली नाही.

तत्त्वविचार : आदिनाथ – हरिनाथ – रघुनाथ – मुकुंदराज अशी गुरुपरंपरा ग्रंथात सांगितली आहे. आदिनाथापासून आरंभ असल्याने ती नाथपंथाशी जोडतात. विचार मात्र शांकर अद्वैताचा आहे आणि आपण शंकरांच्या उक्तीच्या आधारे मराठीत बोलतो, असे कवी स्वतःच म्हणतो. येथील शंकर भाष्यकारापेक्षा शंकरांच्या नावावरील प्रकरणग्रंथांतून (वेदान्ताचा विषय थोडक्यात मांडणाऱ्या छोट्या ग्रंथांतून) आलेले वाटतात. पंचीकरणाची, म्हणजे पाच महाभूतांच्या मिश्रणातून स्थूल भूते कशी बनतात याची, मांडणीही त्याच प्रकरणग्रंथांच्या वळणाची : प्रत्येक महाभूताचे दोन भाग करायचे, एक अर्धा तसाच ठेवायचा, दुसऱ्या अर्ध्याचे चार भाग करून एकेक भाग इतर चौघांना द्यायचा. म्हणून स्थूल पृथ्वीत 1/2 पृथ्वी आणि आप, तेज, वायू, आकाश प्रत्येकी 1/8. वाचक पुष्कळदा पाच सारखे भाग धरतात. मग पृथ्वीला पृथ्वी का म्हणायचे, हा प्रश्न उरतो. ज्याचा अंश अधिक त्याचे नाव, हे ब्रह्मसूत्राचे (2.4.22) उत्तर अर्धा भाग राखल्यानेच लागू पडते.

देहविचारात परंपरेचे मिश्रण उघड होते. रूढ वेदान्तात देह तीन : स्थूल, सूक्ष्म, कारण. मराठी परंपरा चौथा महाकारण देह धरते. त्याची अवस्था तुर्या (जागृती, स्वप्न, सुषुप्ती यांपलीकडची चौथी), मात्रा ओंकाराची अर्धमात्रा. ‘विवेकसिंधु’त हे चारही एकामागून एक निरसले जातात. लिंगदेहाची (सूक्ष्म देहाची) तत्त्वे मोजतानाही सांभाळावे लागते. संस्कृत प्रकरणांत ती 17 (दशेंद्रिये, पंचप्राण, मन, बुद्धी), तर मराठी पंचीकरणात पाच पंचकांची 25. एकातली संख्या दुसऱ्यात नेली की गणित बिघडते.

शैली : ‘विवेकसिंधु’त पूर्वार्धाची 7 आणि उत्तरार्धाची 11 अशी एकूण 18 प्रकरणे, रचना गुरुशिष्यसंवादाची. शिष्याची शंका बहुधा आधीचे उत्तर जेथे अपुरे पडले तेथेच येते, त्यामुळे संवाद नुसता सोपस्कार राहत नाही. ओवी ग्रंथिक : तीन चरण यमकाचे, चौथा आखूड. रज्जुसर्प (दोरीवर भासणारा साप), शुक्तिरजत (शिंपीवर भासणारी चांदी), घटाकाश (घटातले आकाश) हे दृष्टान्त शास्त्रातले रूढच. ज्ञानेश्वरांप्रमाणे उपमेवर उपमा रचणे येथे नाही. एका विधानाला एक दृष्टान्त दिला की कवी पुढे जातो. हा रूक्षपणा काव्याच्या दृष्टीने उणा वाटेल, परंतु शास्त्र मराठीत आणताना संज्ञा निसटू नये म्हणून तो स्वीकारलेला दिसतो. उपलब्ध पोथ्यांची भाषा ‘ज्ञानेश्वरी’पेक्षा अर्वाचीन आहे. लेखकूंनी ती वेळोवेळी सुलभ केली असणे शक्य आहे. त्यामुळे तिच्यावरून काळ ठरवणे धोक्याचे.

‘परमामृत’ 14 प्रकरणांचे, आटोपशीर. त्यात हाच विचार संक्षेपाने येतो.